इटलीत जेवायला जायचंय, आणि घरात एकमत नाही

पत्र :

मी 61 वर्षांची, सांगलीची, बँकेतून निवृत्त झालेली. नणंद आणि नणंदेचे यजमान मे महिन्यात युरोपच्या मोठ्या टूरला निघालेत. बारा दिवसांत पाच देश, सोबत आपले महाराष्ट्रीय स्वयंपाकी, रात्री वरण-भात. आम्ही दोघांनीही यावं असा त्यांचा आग्रह आहे. मला मात्र भाचीने पाठवलेली दुसरीच सहल आवडली आहे. दक्षिण इटलीतला पुलिया प्रांत आणि शेजारचं मातेरा, नऊ दिवस, चौदाच माणसं, तिथलाच इंग्रजी बोलणारा वाटाड्या, दोन सकाळी स्वयंपाकाचे वर्ग. बाकी मंडळी बहुतेक परदेशी. आम्ही शाकाहारी. मी अंडं खाते, मिस्टर खात नाहीत. त्यांना मधुमेह आहे, रात्री साडेसातला पान लागतं. ते म्हणतात, "नऊ दिवस पाव खाऊन राहायचं का?" नणंद म्हणतात, "एका देशासाठी एवढे पैसे? आणि इटली तर आमच्या टूरमध्येही आहे." मी उगाच हट्ट करतेय का? आणि मिस्टर नाहीच आले, तर मी एकटीने जाणं बरं दिसेल का?
– एक चवीने खाणारी, सांगली

उत्तर :

ताई, पुलियाला जा. नणंदेच्या टूरला हसतमुखाने नाही म्हणा. मिस्टरांनी यायचं की नाही हे त्यांचं त्यांना ठरवू द्या, फक्त 'पाव खाऊन राहायचं का' एवढ्या एका वाक्यावर त्यांनी ते ठरवू नये. तिथे पानात काय काय पडतं ते खाली सांगते. ते त्यांना वाचून दाखवा आणि मग विचारा.

आधी नणंदेच्या टूरबद्दल, कारण तुमच्या पत्रात तिच्याविषयी जरा फणकारा जाणवला. तो नको. आपल्या टूरवाल्यांनी सोबत स्वयंपाकी नेले म्हणून तर आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायका आयफेल टॉवरखाली उभं राहून फोटो काढू शकल्या. खाण्याची धास्ती गेली की माणूस घराबाहेर पडतो, हे त्यांनी अचूक ओळखलं. पण ती सहल बघण्याची आहे आणि तुम्हाला ओढ आहे ती दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरण्याची. चाळीस माणसं एका स्वयंपाकघरात मावत नाहीत. बारी शहराच्या जुन्या भागातल्या गल्ल्यांत मोठी बस शिरतच नाही. शिवाय नणंदेच्या टूरमधली इटली म्हणजे बहुधा रोम, पिसाचा मनोरा, फ्लोरेन्स, व्हेनिस. नकाशातल्या त्या बुटाच्या टाचेकडे, म्हणजे पुलियाकडे, अशा टूर सहसा वळत नाहीत. तेव्हा 'इटली आमच्याकडेही आहे' हा मुद्दा इथे लागू होत नाही. पैशांचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याकडे शेवटी येते.

आता पान वाढू या.

पुलियाचा स्वयंपाक शेतमजुरांच्या घरातला. मांस सणासुदीला, एरवी कडधान्यं, रानातल्या पालेभाज्या, गहू आणि ऑलिव्हचं तेल. गरिबी इतकी की कापणीनंतर पेटवलेल्या शेतांत राहिलेले करपलेले दाणे वेचून बायका त्याचं पीठ करत, असं तिथे सांगतात. आज तेच 'करपलेल्या गव्हाचं' पीठ महागड्या हॉटेलांत मिरवतं. या गरिबीचा फायदा तुमच्यासारख्यांना होतो. बोलोन्याकडे, म्हणजे उत्तरेत, ताज्या पास्त्यात अंडं असतंच आणि सारणात किंवा रश्शात मांस. पुलियातला रोजचा पास्ता म्हणजे डुरम गव्हाचा बारीक रवा आणि पाणी, बस्स. फोज्जाच्या भोवतालच्या कोरड्या सपाट मैदानात हा कडक गहू पिकतो. त्यात प्रथिनं भरपूर, त्यामुळे अंड्याचा आधार न घेताही पीठ आकार धरून ठेवतं. मिस्टरांचा अंड्याचा प्रश्न निम्मा इथेच सुटला.

याच पिठाचे लहान कानाच्या आकाराचे तुकडे म्हणजे ओरेक्किएत्ते. बारीच्या जुन्या गावात बायका दारासमोर टेबल मांडून ते करत बसतात. पिठाची सुरळी, बोथट सुरी, एक ओढ आणि अंगठ्यावर उलटं. बघताना वाटतं काय त्यात! पहिल्या वर्गात तुमचे कान जाडे-बारीक होतील, काही फाटतील. पण ज्या बाईचा हात शेवया-सांडग्यांत तयार झाला आहे तिला वेळ लागणार नाही.

दुसरा पदार्थ फावे ए चिकोरिया. सोललेले सुके बाकल्याचे (इंग्रजीत फावा बीन्स) दाणे मंद आचेवर शिजवून, घोटून, मऊ लगदा करतात. शेजारी उकडलेली कडू रानटी चिकोरी आणि वर कच्चं ऑलिव्ह तेल. जेवायला हाच एक पदार्थ पुरतो. मिस्टरांसाठी म्हणाल तर डाळ आणि पालेभाजी आली. एक काळजी मात्र घ्या. ज्यांना जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांना बाकल्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो. घरात कुणाला तसं कधी सांगितलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा पदार्थ खाऊ नका.

दक्षिणेकडे लेच्चेच्या बाजूला चीचेरी ए त्रिया मिळेल. हरभरे आणि रुंद पट्ट्यांचा पास्ता, त्यातल्या थोड्या पट्ट्या तळून कुरकुरीत करून वर घातलेल्या. मला विचाराल तर ओरेक्किएत्तेपेक्षा हा पदार्थ उजवा. बारीत संध्याकाळी मक्याच्या पिठाच्या तळलेल्या चौकोनी वड्या, स्गाल्योत्से, कागदात बांधून मीठ भुरभुरून देतात. टोमॅटो आणि ऑलिव्ह थापलेला फोकाच्चा तर कोपऱ्याकोपऱ्यावर. मातेराच्या बाजूला गोड लाल मिरच्या वाळवून तेलात क्षणभर तळतात, पेपेरोनी क्रुस्की म्हणतात त्यांना. आपल्या सांडगी मिरचीची बिनतिखट बहीणच. मिस्टर तिथे खूश होतील, पैज लावते.

आणि तो पाव. आल्तामुराचा पाव डुरम गव्हाच्याच पिठाचा, आंबवणाचा, जाड कवचाचा, आत पिवळसर. 2003 पासून त्याला युरोपीय संघाचं संरक्षित नाव आहे, म्हणजे ठरलेल्या भागातला गहू आणि ठरलेली पद्धत असल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. पूर्वी घरोघरी भट्टी नव्हती. गावाच्या सामाईक भट्टीत सगळ्यांचे पाव एकत्र जात, म्हणून प्रत्येक घर आपल्या पावावर लाकडी ठसा उमटवायचं. मातेरात ते ठसे अजून विकायला असतात. मिस्टरांना सांगा, या पावावर दोन वेळा काढायला माझी हरकत नाही. साखरेच्या दृष्टीने मात्र पाव, पास्ता, बटाटा एकाच जेवणात येतात. तेव्हा कडधान्य आणि भाजी आधी, पाव मोजून.

इतकं गोड वर्णन केलं, आता अडचणी. यातल्या निम्म्या लोकांना तिथे गेल्यावरच कळतात.

'मांस नको' एवढंच सांगितलंत तर मासा समोर येईल. मासा म्हणजे मांस नव्हे, अशी तिथल्या पुष्कळांची समजूत. पुलियाचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ, ओरेक्किएत्ते आणि चीमे दी रापा ही मोहरीच्या कुळातली भाजी, याच्या फोडणीत अँकोव्ही नावाचे खारवलेले बारीक मासे विरघळवलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. 'सेन्झा अच्चूगे', म्हणजे अँकोव्हीविना, हे दोन शब्द पाठ करा. भाजीच्या सुपात डुकराच्या मांसाचा तुकडा चवीला पडलेला असू शकतो, डाळीत सुद्धा. लेच्चेची पास्तिच्चोत्तो ही कस्टर्ड भरलेली पेस्ट्री पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत मळतात आणि कस्टर्डमध्ये अंडं असतंच. कडक, कडबोळ्यांसारख्या दिसणाऱ्या ताराल्लीच्या पिठात पांढरी वाइन जाते. तळणीचं तेल मासे तळलेलं असू शकतं.

चीजचंही सांगते, कारण आपल्याकडे यावर कुणी बोलत नाही. पार्मिजानो रेज्जानो बनवताना वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विकर, वापरतातच, तसा नियमच आहे. मोझ्झारेल्ला आणि बुर्राता यांतही बहुधा तेच. काही उत्पादक सूक्ष्मजंतूंपासून किंवा वनस्पतीपासून केलेलं रेनेट वापरतात, पण ते विचारावं लागतं. भारतात पिझ्झ्यावरचं चीज आपण बिनघोर खातो म्हणून तिथलंही तसंच, असं नाही. तुम्हाला याने फरक पडतो का, हे तुम्ही दोघांनी आधीच बसून ठरवा. पडत असेल तर चीज टाळूनही पुलियात उपाशी राहणार नाही. पडत नसेल तर आंद्रियात ताजी बुर्राता खा आणि गप्प राहा. कुठे थांबायचं हे माझ्यासारख्या तिसरीने सांगायचं नसतं.

आता सहल चालवणाऱ्यांना एक सविस्तर मेल पाठवा. 'वी आर व्हेजिटेरियन' एवढ्याने भागत नाही. मांस, मासे, अँकोव्ही, मांसाचा किंवा माशांचा रस्सा, प्राण्यांची चरबी असं एकेक नाव लिहा आणि मिस्टरांसाठी अंडं वेगळं लिहा. मग रोजच्या जेवणाचा तपशील मागवा. विशेष करून दोन गोष्टी विचारा. एक, चिस्तेर्नीनोची संध्याकाळ आहे का? त्या गावात खाटकाच्या दुकानातच मांस निवडायचं आणि तिथेच ते भाजून देतात. पुलियाच्या सहलींत हा हमखास रंगणारा कार्यक्रम, आणि शाकाहाऱ्याला तिथे सॅलड आणि पाव. दोन, बारीच्या बंदरावरची सकाळ. तिथे कोळी ऑक्टोपस दगडावर आपटून मऊ करतात आणि लोक उभ्या उभ्या कच्चे मासे खातात. बघायला हरकत नाही, पण माहीत असलेलं बरं. उत्तर कसं येतं त्यावरून सहलीची पारख होईल. 'डोन्ट वरी मॅडम' असं आलं तर पैसे भरू नका. 'त्या संध्याकाळी तुमच्यासाठी अमुक ठिकाणी अमुक करू' असं आलं तर ती माणसं कामाची.

मिस्टरांच्या साडेसातच्या पानाबद्दल खोटं बोलणार नाही. तिथली बरीच हॉटेलं रात्री आठच्या आधी स्वयंपाकघरच उघडत नाहीत आणि सगळ्यांचं जेवण उरकायला दहा वाजतात. दुपारी एक ते चार-पाच दुकानंही बंद, गावं झोपलेली. त्यावर तिथल्याच लोकांची तोड आहे. संध्याकाळी सहा-साडेसहाला चौकात बसून ऑलिव्ह, दाणे, फोकाच्च्याचे तुकडे असं काहीतरी तोंडात टाकतात. मिस्टरांनी त्या वेळी थोडं खावं, रात्री हलकं जेवावं. गोळ्यांच्या वेळा कशा बसवायच्या, हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह.

आणखी एक, गुडघे. मातेरात जुनं गाव, सास्सी, दरीच्या कडेला खडकात कोरलेलं आहे आणि सगळं पायऱ्या-पायऱ्यांवर. त्या गुहांत माणसं आणि जनावरं एकत्र राहायची, मलेरियाने मुलं दगावायची. हा इटलीला लागलेला कलंक आहे असं राजकारणी म्हणू लागले, आणि 1952 साली कायदा करून लोकांना वर नव्या वस्तीत हलवण्यात आलं. 1993 मध्ये त्याच गुहा युनेस्कोच्या यादीत गेल्या, 2019 मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. आता तिथे गुहांतली हॉटेलं आहेत, महागडी. या गोष्टीकडे कसं बघायचं, हे तुमच्या वाटाड्याला जरूर विचारा. त्याची आजी त्या गुहेतून उठवलेल्यांपैकी असू शकते, आणि मग तो जे सांगेल ते कुठल्याही माहितीपत्रकात नसेल. पण पायऱ्या आहेत, आणि दगड गुळगुळीत आहेत. चांगली पकड असलेले बूट निघण्याआधी महिनाभर घालून मोकळे करून घ्या.

आल्बेरोबेल्लोची शंकूच्या छपरांची घरं, त्रुल्ली, तुम्ही फोटोत पाहिली असतीलच. तिथे गर्दी फार, तासाभरात होतं. त्यापेक्षा लेच्चेच्या दक्षिणेला जाताना खिडकीबाहेर बघा. मैलोन्‌मैल करडी, वाळलेली ऑलिव्हची झाडं दिसतील. झायलेला नावाचा जिवाणू 2013 मध्ये गाल्लीपोलीजवळ सापडला. एक लहानसा रस शोषणारा कीटक तो झाडाझाडांत पसरवतो. लाखो झाडं गेली, त्यांत शतकांची जुनी. ज्या प्रांताच्या प्रत्येक पदार्थावर तेलाची धार पडते तिथे हे झालंय. तेल चाखण्याच्या कार्यक्रमात यावर अवाक्षर निघालं नाही, तर तुम्हीच विषय काढा.

एकटीने जाण्याचं. 'बरं दिसेल का' हे कुणाला, तेवढं पत्रात लिहिलं नाहीत. मिस्टरांनी चिडून नाही, मोकळेपणाने 'तू जाऊन ये' म्हटलं असेल तर विषय संपला. ते नऊ दिवस घरी आपलं आपण बघतील, किंवा बहिणीसोबत त्या मोठ्या टूरला जातील आणि वरण-भात खातील. तसं झालं तर दोघांचंही भागलं. चौदा अनोळखी माणसांत तुम्ही एकट्याच भारतीय असाल, असं धरूनच चला. टेबलावर वाइन ओतली जाईल. नको असेल तर पेल्यावर हात ठेवा, कुणी आग्रह करत नाही. बोलायला विषय हवा असेल तर एक देऊन ठेवते. दुसऱ्या महायुद्धात, 1943 च्या सप्टेंबरात, 8 वी भारतीय डिव्हिजन याच पुलियातल्या तारांतो बंदरात उतरली, आणि तिच्यात मराठा पलटण होती. त्याच पलटणीचे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना पुढे उत्तरेत सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी 1945 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथल्या कित्येक वाटाड्यांना हे ठाऊक नसतं. सांगली-साताऱ्याकडची बाई हे सांगू लागली की टेबल ऐकतं.

आता पैसे. एका देशाला पाच देशांएवढे का, याचं उत्तर चौदा माणसं हे आहे. खर्च वाटायला डोकी कमी. किमतीत काय धरलेलं नाही ते मात्र नीट वाचा. विमान, व्हिसा, 'मोकळ्या' संध्याकाळची जेवणं, तिथे हॉटेलवर द्यावा लागणारा शहर कर, आणि एकटीने खोली घेतलीत तर तिचा जादा आकार. हा शेवटचा आकडा बराच मोठा असतो. दुसऱ्या एकट्या बाईबरोबर खोली वाटून घेता येईल का, ते विचारायला संकोच नको. इथल्या कंपनीकडून बुकिंग केलंत तर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा कर, वर द्यावा लागेल, तो आयकर विवरणात वळता करून घेता येतो. तुम्ही बँकेतल्या, हे मी तुम्हाला काय सांगावं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनच्या हंगामात भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून लवकर हालचाल करा. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. मिस्टर येणार असतील तर मधुमेह जाहीर करूनच विमा घ्या, तो लपवला तर ऐनवेळी दावा फेटाळला जाईल. आणि सहलीच्या तारखांत निवड असेल तर जुलै-ऑगस्ट सोडा. ऊन भाजून काढतं, आणि 15 ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर समुद्राकडे असते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर बरा. ऑक्टोबर संपता संपता ऑलिव्हची तोडणी सुरू होते, नवं हिरवं, घशाला झोंबणारं तेल घाण्यावर चाखायला मिळतं. मी असते तर तेच दिवस धरले असते.

नणंदेला मात्र आजच फोन करा. मोठ्या टूरमध्ये जागा लवकर भरतात आणि त्या तुमच्या दोन जागा धरून बसल्या असतील. कारणं देत बसू नका. 'मला स्वयंपाक शिकायला जायचंय, तुम्ही खुशाल पुढे व्हा' इतकं पुरे. मिस्टरांचं नाव त्यांच्या टूरसाठी घालायचं की नाही, ते मिस्टरांनाच त्यांच्या बहिणीशी बोलू द्या.